एकाच पॅनमधला ओर्झो आणि पांढरा राजमा

रात्रीचे पावणेनऊ वाजले होते आणि पॅनमधला पांढरा राजमा दाताखाली अजून कचकचत होता. टोमॅटोचा रस सव्वा तास रटरटून घट्ट झाला होता, मध्ये दोनदा पाणी घालून झालं होतं, लसणीचा वास घरभर पसरला होता. दिसायला सगळं तयार. पण दाणा चिमटीत दाबला की नुसतं साल सुटायचं आणि आतला गर खडूसारखा लागायचा. माझी चौदा वर्षांची मुलगी पोहण्याचा सराव संपवून साडेसातच्या सुमारास घरी येते. त्या वेळी तिला सपाटून भूक लागलेली असते. तिने दोनदा येऊन झाकण उघडून पाहिलं आणि काही न बोलता परत गेली.

तीन महिन्यांपूर्वी तिने मांस सोडलं होतं. घरात कुणी तसं सुचवलं नव्हतं, तिचं तिने ठरवलं आणि पाळलं. मी आणि तिची आई आधीसारखंच जेवत होतो. तिच्या ताटात मात्र आमच्याच जेवणातून मांस वगळून जे उरेल ते पडायचं. मला त्याचं वाईट वाटत होतं. वजाबाकी करून उरलेलं जेवण तिला द्यायचं नाही, तिच्यासाठी मुळातून वेगळं आणि पुरतं जेवण करायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात होईल, एकाच भांड्यात होईल आणि तिघांनाही मनापासून आवडेल असं. इटालियन घरगुती स्वयंपाकाकडे वळलो ते म्हणूनच. तिथे कडधान्यं, पालेभाज्या, टोमॅटो आणि गव्हाचे पदार्थ यांवर उभी असलेली जेवणं भरपूर आहेत. तोस्काना प्रांतातल्या लोकांना तर बाकीचे इटालियन ‘मान्जाफाज्योली’ म्हणजे राजमा खाणारे असंच म्हणतात.

त्या रात्री राजमा का शिजला नाही, ते मला नंतर वाचल्यावर कळलं. दोष माझ्या क्रमाचा होता. राजमा रात्रभर भिजवलेला होता, पण न शिजवता मी तो थेट टोमॅटोत घातला. दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन साध्या पाण्यात उकळताना हळूहळू सुटतं आणि दाणा मऊ होतो. टोमॅटोच्या आंबटपणात ते सुटायलाच तयार नसतं. मी आणखी तासभर जरी गॅस चालू ठेवला असता, तरी फारसा फरक पडला नसता. आणि हा नुसता चवीचा प्रश्न नाही. राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, ते खळखळत्या पाण्यात निदान दहा मिनिटं उकळल्याशिवाय निष्प्रभ होत नाही. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा पोट चांगलंच बिघडवतो. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: राजमा पॅनमध्ये जाईल तो आधीच लोण्यासारखा मऊ शिजलेला. सुट्टीच्या दिवशी अर्धा किलो भिजवून, भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात शिजवतो आणि थोडा थोडा करून गोठवून ठेवतो. ते जमलं नाही तर डब्यातला. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, आणि घाईच्या दिवशी तो वापरण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

पण ती रात्र माझ्या लक्षात राहिली ती राजम्यामुळे नाही.

जेवण होत नाही म्हटल्यावर मी ब्रेडचे तुकडे भाजले आणि त्यावर फ्रीजमधलं पार्मिज्यानो किसून दिलं. तीन महिने मी तिच्या प्रत्येक पास्त्यावर, प्रत्येक सूपवर तेच किसत होतो. मांस नाही तर निदान चीजमधून तरी प्रथिनं मिळतील, असं मला वाटायचं. ती खाता खाता पाकीट हातात घेऊन उगाच मागची बाजू वाचत होती. वाचता वाचता थांबली.

“बाबा, रेनेट म्हणजे काय?”

मला नीट माहीत नव्हतं. दूध फाडायला काहीतरी घालतात, एवढंच सांगितलं. तिने फोनवर शोधलं. मग हातातला तुकडा हळूच ताटलीत ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे इतके दिवस मी हे खात होते?”

ती चिडली नाही, रडली नाही. मला मात्र त्या शब्दांनी आत कुठेतरी धक्का बसला. तिने एवढ्या मनापासून काही ठरवलं होतं आणि ते मोडत होतो तो मी, रोज, प्रेमाने, किसणीवर किसून.

रेनेट म्हणजे दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून, त्याच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यातून, काढलेला अर्क. त्यातलं कायमोसिन हे विकर दुधाचं दही न होऊ देता घट्ट गोळा करतं, त्यातून चीज बनतं. वासराला मारल्याशिवाय हा अर्क मिळत नाही. पार्मिज्यानो रेज्यानो या नावाने विकलं जाणारं चीज दूध, मीठ आणि वासराचं रेनेट यांचंच असावं लागतं, तसा त्याचा नियमच आहे. ग्राना पादानोतही वासराचंच रेनेट असतं, पेकोरिनो रोमानोत कोकराचं. म्हणजे ज्या चीजशिवाय इटालियन जेवण पुरं होत नाही असं आपण समजतो, ती मोठ्या नावाची चीजं शाकाहारी नाहीतच. रिकोत्ताचीही चौकशी करावी लागते, कारण ते रूढ पद्धतीत चीज काढल्यावर उरलेल्या निवळीपासून बनतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं कायमोसिन १९९० च्या सुमारास वापरात आलं, आणि आज त्यावर बनलेली पुष्कळ चीजं मिळतात. पाकिटावर ‘सूक्ष्मजीवजन्य रेनेट’ किंवा ‘शाकाहारींसाठी योग्य’ असं लिहिलेलं असेल तर प्रश्न नाही. नुसतं ‘रेनेट’ लिहिलं असेल तर मी आता ते परत ठेवतो. जो कोणी दुसऱ्यासाठी शाकाहारी स्वयंपाक करतो, त्याने ती बारीक अक्षरं वाचलीच पाहिजेत, असं मला अगदी कळकळीने वाटतं.

चीजला पर्याय शोधताना मला दक्षिण इटलीतली एक जुनी गोष्ट सापडली. सिसिली आणि कलाब्रियातल्या गरीब घरांना महागडं चीज परवडत नसे, तेव्हा ते शिळ्या ब्रेडचा चुरा ऑलिव्ह तेलात खमंग परतून पास्त्यावर पेरायचे. या चुऱ्याला पानग्रात्तातो म्हणतात, शब्दशः ‘किसलेला पाव’. सिसिलीत १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला, हा चुरा घातलेला पास्ता करतात. जोसेफ सुतार होता म्हणून चुरा म्हणजे त्याच्या कामाच्या जागेवरचा लाकडाचा भुसा. मला ही कल्पना फार आवडली. मुलीलाही. “म्हणजे हे चीजच्या जागी नाही, हे वेगळंच काहीतरी आहे,” ती म्हणाली. मला हवं होतं ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं.

पास्त्यातला ओर्झो निवडायला मला थोडे दिवस लागले. ओर्झो हा तांदळाच्या दाण्यासारखा दिसणारा बारीक पास्ता. शब्दाचा इटालियन अर्थ मात्र ‘जव’. लांब स्पगेटी पॅनमध्ये मावत नाही, पोकळ पास्त्याला पाणी किती लागेल याचा अंदाज चुकतो. ओर्झो आठ-दहा मिनिटांत शिजतो, पॅनमध्ये सपाट पसरतो आणि राजमा-पालकाबरोबर चमच्यात एकत्र येतो. पास्ता वेगळा न उकळता सॉसमध्येच थोड्या पाण्यात शिजवायला इटालियनमध्ये ‘रिझोत्तारे’ असं क्रियापदच आहे, म्हणजे रिसोटो या तांदळाच्या पदार्थासारखं करणं. बारी शहरात तर स्पगेटी कच्चीच लोखंडी पॅनमध्ये टाकून, वरून टोमॅटोचं पातळ पाणी पळी-पळीने घालत, खालून करपेपर्यंत शिजवायचा पदार्थ प्रसिद्ध आहे. तेव्हा हा आळसातला आडमार्ग आहे असं मनात आणायचं कारण नाही. पास्त्यातून सुटणारं पिठूळ सत्त्व इथे मोरीत ओतलं जात नाही, सॉसमध्येच राहतं आणि त्याला दाटपणा देतं. क्रीम घालावं लागत नाही ते यामुळेच.

प्रथिनांचं म्हणाल तर १०० ग्रॅम सुक्या पास्त्यात साधारण १२-१३ ग्रॅम असतात, आणि शिजलेल्या राजम्यात १०० ग्रॅमला आठेक. गव्हात लायसीन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, राजम्यात तो भरपूर. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पोहून आलेल्या मुलीसाठी मला याहून जास्त काही नको होतं.

आता पॅनबद्दल. माझ्याकडे बिडाचा जड पॅन आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे, पण टोमॅटो त्यात अर्धा तास आटवला की तेलाचा बसलेला काळा थर उतरतो आणि जेवणाला लोखंडाची चव येते. एकदा तसं झालं. तेव्हापासून या पदार्थाला मी जाड बुडाचा स्टीलचा पॅन घेतो, तीस सेंटिमीटरचा, काठ तीन बोटं उंच, घट्ट झाकण असलेला.

मधल्या आणखी दोन संध्याकाळी फसल्या. एकदा मी गार पाणी घातलं, तेही भरपूर. उकळी यायलाच सात-आठ मिनिटं गेली, तोवर ओर्झो बाहेरून फुगून चिकट झाला आणि मध्ये कच्चा राहिला. दुसऱ्यांदा मीठ फसलं. पास्ता उकळताना लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मीठ हा इटालियन घरांतला ठरलेला अंदाज मला पाठ होता आणि मी त्याच सवयीने मीठ टाकलं. पण तिथे खारं पाणी गाळून टाकायचं असतं. इथे घातलेलं सगळं पाणी आटतं आणि सगळं मीठ मागे राहतं. त्या दिवशी आम्ही तिघांनी तांब्यावर तांबे पाणी प्यायलो. एका पॅनच्या स्वयंपाकात काहीच गाळून टाकता येत नाही. जे घातलं ते ताटात येतं, आणि ज्या क्रमाने घातलं त्या क्रमाची चव घेऊन येतं.

ज्या संध्याकाळी ते जमलं, ती आता सविस्तर सांगतो.

घरी आलो तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. पहिलं काम म्हणजे किटलीत पाणी तापत ठेवलं. मग साहित्य ओट्यावर काढलं: ओर्झो २०० ग्रॅम, शिजवलेला राजमा २५० ग्रॅम, सालं काढलेल्या अख्ख्या टोमॅटोंचा ४०० ग्रॅमचा डबा, टोमॅटोची घट्ट पेस्ट दोन मोठे चमचे, एक मध्यम कांदा, लसणीच्या चार मोठ्या पाकळ्या, पालक दीडशे ग्रॅम, एक लिंबू, ब्रेडचे दोन शिळे तुकडे, ऑलिव्ह तेल, वाळलेला ओरेगानो, लाल मिरचीचा भरडा आणि अर्धा चमचा बडीशेप. बडीशेप का, ते सांगतो. इटालियन सॉसेजला जो ओळखीचा वास येतो तो बराचसा बडीशेपेचा असतो. मांस सोडल्यावर मुलीला त्याच वासाची आठवण यायची. वास मांसाचा नव्हताच, मसाल्याचा होता, हे कळलं तेव्हा तिला झालेला आनंद मला अजून आठवतो.

टोमॅटो मी मुद्दाम अख्खे घेतो. डब्यातल्या चिरलेल्या फोडींत बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, फोडी अखंड राहाव्यात म्हणून. त्या कितीही शिजवा, सॉसमध्ये मिसळत नाहीत. अख्खे टोमॅटो वाडग्यात काढून हातानेच कुस्करले की काम होतं.

पॅन सगळ्यात आधी लागतो तो ब्रेडच्या चुऱ्याला. ब्रेड हाताने चुरला, फार बारीक नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा राहिला की कुरकुरीत होतो. दीड चमचा तेल, मध्यम आच, आणि चार-पाच मिनिटं हात न थांबवता परतणं. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, मग एकदम रंग चढायला लागतो. सोनेरी झाला की त्या क्षणी ताटलीत काढायचा, कारण गॅस बंद केला तरी पॅनची उष्णता चुऱ्याला काळा करते. ताटलीत काढल्यावर त्यावर अर्ध्या लिंबाची साल किसली आणि चिमूटभर मीठ भुरभुरलं. हा चुरा झाकायचा नाही. झाकला की वाफ धरतो आणि मऊ पडतो.

पॅन न धुता नुसता पुसला आणि त्यात दोन मोठे चमचे तेल घातलं. बारीक चिरलेला कांदा, चिमूटभर मीठ, खलबत्त्यात जरा ठेचलेली बडीशेप. इथे सहा-सात मिनिटं द्यावीच लागतात. घाईचा स्वयंपाक म्हणून मी पूर्वी इथेच वेळ वाचवायचो, कांदा पांढरा असतानाच पुढचं घालायचो, आणि मग सगळ्या जेवणात कच्च्या कांद्याचा उग्रपणा राहायचा. आता इथे मी थांबतो. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर काढतं, ते उडून जातं, मग कांदा पारदर्शक होतो आणि त्याच्या कडा किंचित पिवळसर होतात. लसणीचे पातळ काप तेव्हा घातले आणि मिनिटभरच परतले. लसूण तपकिरी झाली तर कडवट होते, आणि तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही.

मग टोमॅटोची पेस्ट. या पदार्थातला माझ्या सगळ्यात आवडीचा टप्पा हाच. पॅनच्या मधोमध कांदा बाजूला सारून जागा केली आणि दोन चमचे पेस्ट थेट तेलात टाकून पसरवली. आधी ती लालभडक असते आणि तिला डब्याचा आंबट वास येतो. कालथ्याने दाबत, उलटत राहिलं की दोन-तीन मिनिटांत तिचा रंग विटेसारखा गडद होतो, वास गोडसर होतो आणि कडेने सुटणारं तेल केशरी दिसायला लागतं. टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून तो तेलात परतल्याशिवाय सगळीकडे पोहोचत नाही. पेस्ट तळाला जरा चिकटू लागली तर घाबरायचं नाही. पुढे पडणारा टोमॅटोचा रस तो चिकटलेला थर सोडवून घेतो आणि खरी खोल चव त्या थरातच असते. तळहातावर ओरेगानो चोळून इथेच घातला, मिरचीचा भरडाही. वाळलेल्या पानांना तेल आणि उष्णता दोन्ही मिळायला हवीत.

कुस्करलेले टोमॅटो घातले तेव्हा पॅनमधून मोठा फसफसाट झाला आणि मुलगी दारात येऊन उभी राहिली. केस ओलेच होते. “आज राजमा शिजलाय ना?” तिने विचारलं. मी वाटीतला एक दाणा तिच्या हातावर ठेवला. तिने तो बोटांनी चिरडला, मान डोलावली आणि स्वतःहून पालक धुवायला घेतला.

टोमॅटो तीन-चार मिनिटं आटू दिला. मग ओर्झो घातला, प्रत्येक दाण्याला सॉस लागेल असा मिनिटभर हलवला, आणि किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. अर्धा लिटर. शंभर मिलिलिटर बाजूला राखून ठेवलं. एक सपाट लहान चमचा मीठ, त्याहून जास्त नाही. कमी पडलं तर शेवटी घालता येतं. उकळतं पाणी असल्याने पॅन लगेच खदखदायला लागला. आच मंदाकडे आणली आणि झाकण अर्धवट ठेवलं. इथून पुढची नऊ-दहा मिनिटं पॅन सोडून जाता येत नाही. ओर्झो जड असतो, तळाशी बसतो आणि चिकटतो. दर मिनिटाला कालथा तळापासून फिरवायचा, कडेचे दाणे आत ओढायचे. हलवल्याने दाणे एकमेकांवर घासतात, पिठूळ सत्त्व सुटतं आणि सॉस दाट, चकचकीत होत जातो. पाचव्या मिनिटाला राजमा घातला. आधी घातला तर मऊ दाणे फुटून लगदा होतो, अगदी शेवटी घातला तर सॉसची चव त्यात उतरत नाही. मूठभर दाणे मी मुद्दाम कालथ्याने पॅनच्या कडेवर चिरडले; त्याने सॉसला आणखी मऊपणा आला.

आठव्या मिनिटाला दाणा चाखला. मध्ये अगदी बारीक टणकपणा होता, पण पॅनमधला ओलावा संपत आला होता. राखून ठेवलेलं पाणी घातलं. हे पाणी मी आता नेहमीच राखून ठेवतो, कारण टोमॅटोच्या प्रत्येक डब्यात रस सारखा नसतो, आच सारखी नसते. पाककृतीत लिहिलेलं पाणी हा अंदाज असतो, खरं माप पॅनमध्ये दिसतं. कालथा तळातून ओढला की मागे वाट दिसायला हवी आणि ती हळूहळू भरून यायला हवी. वाट लगेच बुजली तर पातळ आहे. तशीच राहिली तर कोरडं झालंय. गॅस बंद करताना मी ते मनाला वाटेल त्याहून जरा पातळच ठेवतो. ओर्झो ताटात गेल्यावरही रस पीत राहतो.

पालक मुलीने मूठ-मूठ करून घातला. एवढा मोठा ढीग मिनिटभरात बसून गेला. गॅस बंद केला, अर्ध्या लिंबाचा रस पिळला आणि वरून एक चमचा कच्चं ऑलिव्ह तेल फिरवलं. लिंबू फक्त चवीला नाही. पालक आणि राजमा यांच्यातलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही. आंबट फळांतलं क जीवनसत्त्व बरोबर असलं की ते जास्त शोषलं जातं. रस उकळू द्यायचा नाही, म्हणून गॅस बंद केल्यावर. मग झाकण लावून दोन मिनिटं तसंच ठेवलं. मुलीला ती दोन मिनिटं फार वाटली, पण ती ठेवावीच लागतात. तेवढ्यात वरचं पाणी आणि खालचा दाटपणा एक होतो.

घड्याळात आठ वाजायला दोन मिनिटं कमी होती. म्हणजे चिराचिरीसकट ३८ मिनिटं.

तिची आई आली, आम्ही पॅनच टेबलावर मधोमध ठेवला. तुळशीच्या वासाची इटालियन बेझिलची थोडी पानं होती, ती हाताने तोडून वर टाकली आणि चुऱ्याची ताटली शेजारी ठेवली. मुलीने ताटात वाढून घेतलं, वर दोन चमचे चुरा पेरला, एक घास घेतला आणि मग तिसरा चमचा पेरला. मऊ, रसाळ ओर्झोत तो कुरकुरीत चुरा दाताखाली येतो, लिंबाच्या सालीचा वास नाकात जातो. चीज असतं तर हे कधी सुचलंच नसतं. “यात काय काढून टाकलंय असं वाटतच नाही,” तिची आई म्हणाली. मुलगी काही बोलली नाही. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि शेवटी पॅनच्या तळाला धरलेली खरपूड चमच्याने खरवडून खाल्ली.

त्या रात्री थोडंसं उरलं. सकाळी डबा उघडला तर ओर्झोने सगळा रस पिऊन टाकला होता आणि घट्ट वडी झाली होती. वाटीभर गरम पाणी घालून मंद आचेवर हलवलं तेव्हा तो पुन्हा सैल झाला. तिच्यासमोरच केलं ते.

आता आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. कधी पालकाऐवजी केल नावाची पालेभाजी, कधी भाजलेली ढोबळी मिरची, कधी काळे ऑलिव्ह. मागच्या गुरुवारी मला कामावरून यायला साडेनऊ झाले. तिची आई जेवून झोपली होती, मुलगी खोलीत अभ्यास करत होती. ओट्यावर स्टीलचा पॅन होता, झाकलेला. शेजारी ताटलीत सोनेरी चुरा, न झाकता. आणि त्याच्या शेजारी पाणी भरून ठेवलेली एक वाटी, तिच्याखाली चिठ्ठी: “बाबा, गरम करताना हे घाल.”